क्रिंप काढायचा कशानं? डिलन सुपर स्वेज ६००, आरसीबीएस कॉम्बो आणि हाताचा रीमर

५.५६ किंवा ७.६२ नाटो काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या (पितळी कवचं) हातात आल्या की आधी बूड बघावं. प्रायमरभोवती (बुडात बसणारी, ठोक्यानं पेटणारी छोटी टोपी) गोल चर दिसतो तो रिंग क्रिंप. चराऐवजी तीन ठिकाणी ठोकल्याच्या खुणा असतील तर तो स्टेक क्रिंप, जुन्या लष्करी मालावर हमखास दिसणारा. कारखान्यात प्रायमर बसवल्यावर पॉकेटच्या, म्हणजे प्रायमर बसतो त्या खळग्याच्या, तोंडाचं पितळ दाबून आत सारलेलं असतं, म्हणजे स्वयंचलित शस्त्राच्या धक्क्यांत प्रायमर सुटून यंत्रणेत अडकू नये. लष्कराचं काम त्यानं होतं. रीलोड करणाऱ्याची, म्हणजे पुंगळी पुन्हा भरणाऱ्याची, मात्र डोकेदुखी होते, कारण जुना प्रायमर निघाला तरी ते आत आलेलं पितळ जागचं हलत नाही. त्याच्यावर नवा प्रायमर रेटला की कड सोलली जाते, प्रायमरची धातूची वाटी (कप) चेपते किंवा प्रायमर अर्ध्यावर अडकून तिरका बसतो.

हे पितळ घालवायचे दोन मार्ग आहेत: दाबून मूळ जागी सारायचं (स्वेजिंग) किंवा कापून टाकायचं (रीमिंग). इथे तीन अवजारांचा हिशेब मांडला आहे. डिलनचं टेबलावर बसणारं सुपर स्वेज ६००, आरसीबीएसचा प्रेसवर (काडतूस भरायच्या हातयंत्रावर) चालणारा स्वेजर कॉम्बो आणि हातानं किंवा मोटरवर फिरवायचा रीमर. पॉकेटची खोली एकसारखी करणारा युनिफॉर्मर हे चौथं अवजार आहे, पण त्याचं काम निराळं आहे. अनेक जण नेमका तोच क्रिंप काढायला घेऊन बसतात.

मापं आधी, कारण त्यांच्याशिवाय कुठल्याच अवजाराबद्दल बोलण्यात अर्थ नाही. स्मॉल रायफल पॉकेटचा व्यास ०.१७३० ते ०.१७४५ इंच आणि खोली ०.११७ ते ०.१२३ इंच. लार्ज रायफलचा व्यास ०.२०८५ ते ०.२१०० इंच, खोली ०.१२५ ते ०.१३२ इंच. प्रायमर पॉकेटपेक्षा एक-दोन थाऊ जाड असतो (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि तेवढ्याच घट्टपणावर तो टिकतो. म्हणजे पॉकेटचा व्यास दोन थाऊंनी वाढला की पुंगळी भंगारात. ज्या कामात दोन थाऊंवर पुंगळीचं आयुष्य ठरतं, तिथे अवजार किती जोरकस आहे याला फारशी किंमत नाही. ते कुठे थांबतं, हे बघायचं.

सुपर स्वेज ६०० ची रचना बघितली की त्याची बलस्थानं आणि खोड एकदमच कळते. ओतीव बैठक टेबलाला बोल्टनं घट्ट करायची. बिजागरीवर उचलता येणाऱ्या दांड्यावर पुंगळी तोंडाकडून सरकवायची, दांडा खाली आडवा करायचा आणि हँडल ओढायचं. समोरून गोलसर कडेचा कठीण पोलादी रॉड पॉकेटमध्ये शिरतो आणि क्रिंपचं पितळ बाजूला सारतो. हँडलच्या शेवटी कॅम मधल्या बिंदूपलीकडे जातो, तो हाताला स्पष्ट जाणवतो. स्मॉल आणि लार्ज, दोन्ही मापांचे स्वेज रॉड सोबत येतात, आणि पुंगळीच्या आत जाणारे टेकूचे दांडेही दोन जाडीचे येतात.

महत्त्वाचा आहे तो टेकू. पुंगळीचं बूड आतून पक्कं धरलेलं असल्यामुळे सगळा जोर क्रिंपवर येतो, रिम वाकत नाही, बूड फुगत नाही. आणि पितळ कापलं जात नसल्यानं पॉकेटच्या भिंतीला धक्का लागत नाही. रॉड बाहेर आल्यावर तोंडाशी छोटी चकचकीत गोलाई राहते. प्रायमर तिच्यावरून घसरत आत जातो. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (एका ओढीत अनेक पायऱ्या करणाऱ्या) प्रायमर भरणाऱ्याला या गोलाईची किंमत पहिल्या पन्नास पुंगळ्यांतच कळेल.

आता खोड. टेकूचं टोक आणि स्वेज रॉडचं टोक यांच्यातलं शेवटचं अंतर तुम्ही सेटिंग करताना एकदा ठरवता, आणि त्या अंतरात बुडाची भिंत, म्हणजे वेब, बसते. वेबची जाडी मात्र प्रत्येक कारखान्याची वेगळी. पातळ वेबच्या पुंगळीवर सेटिंग केलं आणि जाड वेबची पुंगळी लावली, तर रॉड गरजेपेक्षा खोल जातो. हँडल जड लागतं, पॉकेटचं तोंड घंटेसारखं पसरतं, कधी पुंगळी रॉडवरच रुतून बसते. उलटं झालं तर रॉड वरवर शिवून येतो आणि क्रिंप निम्मा शिल्लक राहतो. त्यामुळे या अवजारावर बसण्याआधी पुंगळ्या बुडावरच्या शिक्क्याप्रमाणे वेगळ्या करायलाच हव्यात. एलसी (लेक सिटी कारखाना) शिक्क्याचा ढीग वेगळा, डब्ल्यूसीसीचा (वेस्टर्न कार्ट्रिज कंपनी) वेगळा, बाकीचे सरमिसळ एका बाजूला. सुपर स्वेजबद्दलच्या बऱ्याच तक्रारी, “कधी नीट करतं, कधी नाही” अशा, सरमिसळ ढिगावर काम केल्याच्या असतात.

सेटिंगला पाच मिनिटं लागतात आणि ती वाचवू नयेत. टेकूचा दांडा मुद्दाम सैल ठेवा, क्रिंप असलेली पण प्रायमर काढलेली पुंगळी लावा, हँडल हळूच पूर्ण ओढा. रॉड नीट टेकत नसेल तर दांडा थोडा फिरवून अंतर कमी करा. शेवटच्या टप्प्यात हाताला ठाम प्रतिकार लागला पाहिजे. खांद्याचा जोर लावावा लागू नये. लॉकनट आवळताना दांडा सोबत फिरतो, आणि इथेच बहुतेकांचं सेटिंग बिघडतं. आवळल्यावर पुन्हा एक पुंगळी करून बघा. मग त्याच शिक्क्याच्या आणखी चार-पाच करा, गेजनं तपासा आणि तेव्हाच ढिगाला हात घाला.

टेबल हलत असेल तर या अवजाराचं निम्मं सेटिंग टेबलातच जिरतं. पातळ फळीवर बसवलं की हँडलसोबत फळी उचलली जाते आणि कॅमचा ठाम टप्पा लागतच नाही. दुसरं गाऱ्हाणं बिजागरीचं: दर पुंगळीला दांडा हातानं उचलावा लागतो. बरेच जण दांड्याला जाड रबरबँड अडकवतात, म्हणजे हँडल मागे गेलं की तो आपोआप वर येतो. इतक्या नीट घडवलेल्या अवजाराला रबरबँडचा आधार लागावा हे जरा गमतीचं, पण हात लक्षणीय चालतो.

पुंगळी रॉडवर चिकटायला लागली तर रॉडवर केस वॅक्सचं (पुंगळ्यांना लावायच्या मेणाचं) बोट फिरवा, दर पंचवीस-तीस पुंगळ्यांनी पुरतं. तेल थेट पॉकेटमध्ये नको. प्रायमरच्या मिश्रणाला तेल लागलं की तो फुटेलच याची खात्री उरत नाही. वॅक्स वापरलं असेल तर शेवटी पॉकेट पुसा किंवा पुंगळ्या पुन्हा धुवा.

आरसीबीएसचा कॉम्बो हेच काम उलट्या मांडणीनं करतो. नेहमीच्या ७/८-१४ आट्यांच्या डाय बॉडीत (प्रेसच्या माथ्यावर बसणारा साचा) टेकूचा दांडा असतो, आणि स्वेजर हेड रॅमवर (प्रेसचा खाली-वर होणारा दांडा), एरवी पुंगळी धरणाऱ्या शेलहोल्डरच्या जागी. हेड स्मॉल आणि लार्ज अशी दोन मिळतात. पुंगळी तोंड वर करून हेडवर ठेवायची, रॅम वर न्यायचा. दांडा पुंगळीत शिरून वेबला टेकतो आणि हेड पॉकेटमध्ये दाबलं जातं. परतीच्या फेरीत पुंगळी हेडवर घट्ट बसलेली असते. ती सोडवायला रॅमभोवती एक कप असतो, तो प्रेसच्या बुडाला अडला की पुंगळी वर ढकलली जाते.

सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारा) आधीच टेबलावर असेल तर हा पर्याय आटोपशीर आहे. वेगळी जागा नको, वेगळे बोल्ट नकोत. प्रेसची फ्रेम भक्कम असल्यामुळे दाब सरळ रेषेत येतो, आणि टेबलाच्या हलण्याची तक्रार इथे कमी. पण वेग कमी आहे. पुंगळी टोकदार हेडवर तोल सांभाळत ठेवावी लागते आणि पहिल्या शंभरभर तरी ती एकदा इकडे, एकदा तिकडे कलंडते. दांडा मधोमध आला नाही तर मानेच्या कडेवर आदळून तोंड चेपतो. कपचा झटकाही सवयीचा भाग आहे: रॅम फार हळू खाली आणला तर पुंगळी सुटत नाही, आपटला तर उडते. रॅमचा प्रवास तोकडा असलेल्या किंवा तळाची रचना वेगळी असलेल्या काही प्रेसवर कप नीट अडतच नाही. घेण्याआधी आपल्या प्रेसवर तो बसतो का, हे तपासूनच घ्या.

वेबच्या जाडीचं दुखणं कॉम्बोलाही तेवढंच आहे, कारण तत्त्व तेच. फरक एवढाच की प्रेसच्या लांब हँडलवर जास्त जोर लागतोय हे हाताला उशिरा कळतं. त्यामुळे जाड वेबची एखादी पुंगळी चुकून आली तर सुपर स्वेजवर तुम्ही थांबाल, कॉम्बोवर ती दाबून टाकाल.

रीमरला वेबशी देणंघेणं नाही. तो बाहेरून काम करतो, बुडाच्या सपाट पृष्ठभागाशी मोजून किंवा नुसत्या नजरेनं. सरमिसळ पुंगळ्या असतील, शिक्के वीस प्रकारचे आणि प्रत्येकाच्या चार-पाच, तर स्वेजरचं सेटिंग बदलत बसण्यापेक्षा रीमर बरा. मात्र रीमर दोन जातीचे असतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाला थांबा असतो: कटरमागची कड बुडाला टेकली की कापणं बंद. दुसरा नुसता शंकूच्या आकाराचा कटर. किती आत जायचं ते तुमच्या मनगटावर. घ्यायचाच तर थांब्याचा घ्या.

बिनथांब्याचा रीमर क्रिंप काढता काढता पॉकेटची भिंतही खातो. कटर जरा तिरका धरला की एका बाजूनं जास्त पितळ जातं आणि प्रायमर त्या बाजूला सैल बसतो. मोटरवर वेग जास्त ठेवला की कटर थरथरतो आणि गोल तोंडाचं अष्टकोनी तोंड होतं. नखानं चाचपलं तर कंगोरे लागतात. ड्रिल सर्वांत कमी वेगावर ठेवा, पुंगळी हातात सैल धरा म्हणजे ती कटरवर आपली आपण मध्यावर येते, आणि दोन सेकंदांत काम संपवा. क्रिंपची गोल रेघ जेमतेम पुसली गेली की पुरे. रुंद, सुंदर, आरशासारखा चॅम्फर दिसायला छान असतो, पण तेवढं पितळ प्रायमरला धरायला कमी पडलं. वर कापलेलं पितळ परत येत नाही. स्वेज कमी झालं तर पुन्हा करता येतं. रीम जास्त झालं तर पुंगळी संपली.

युनिफॉर्मरचं काम खोलीचं. ठरावीक खोलीवर थांबणारा कार्बाइड कटर पॉकेटचा तळ सपाट आणि भिंतीशी काटकोनात करतो. बहुतेक युनिफॉर्मरचा व्यास पॉकेटपेक्षा किंचितच कमी असल्यामुळे क्रिंप असताना तो आत शिरतच नाही, आणि जबरदस्ती केली तर तोंड ओरबाडतो. म्हणून आधी क्रिंप, मग युनिफॉर्मर. लार्ज रायफल आणि लार्ज पिस्तूल यांचा पॉकेटचा व्यास सारखा, पण पिस्तुलाची खोली ०.११७ ते ०.१२३ इंच, म्हणजे कमी. दोन्हींचे युनिफॉर्मर दिसायला जुळे असतात; डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रायफलचा कटर पिस्तुलाच्या पुंगळीत फिरला तर पॉकेट गरजेपेक्षा खोल होतं. प्रायमरची ऐरण (ज्यावर स्फोटक मिश्रण ठेचलं जातं तो आतला तुकडा) तळाला टेकत नाही, आणि फायरिंग पिनचा पहिला ठोका प्रायमर आत बसवण्यातच खर्ची पडतो. पहिल्या ठोक्याला गप्प, दुसऱ्याला फुटला, असं होत असेल तर आधी हेच तपासा. युनिफॉर्मरच्या थांब्याच्या कडेवर काजळी साचली तरी खोली चुकते, पण उलट दिशेनं, म्हणजे पॉकेट उथळ राहतं. दर दहा-बारा पुंगळ्यांनी कड कापडानं पुसा.

युनिफॉर्मर घ्यावाच का? बोल्ट ॲक्शन रायफलवर नेमबाजीच्या स्पर्धेसाठी रीलोड करणाऱ्यानं घ्यावा. एकसारख्या खोलीवर प्रायमर एकसारखा बसतो. शिवाय पुढच्या वेळी हेच अवजार काजळी खरवडायला उत्तम चालतं, तारेच्या ब्रशपेक्षा कितीतरी टिकाऊ. साध्या सरावाच्या मालाला त्याची गरज नाही.

फ्लॅश होलबद्दल, म्हणजे प्रायमरची ज्योत दारूपर्यंत नेणाऱ्या पॉकेटच्या तळातल्या भोकाबद्दल, थोडक्यात. ठोकून पाडलेल्या भोकाला आतून बर (धातूची खरखरीत कड) राहतो, तो मानेतून आत जाणाऱ्या डिबरिंग कटरनं एकदाच काढायचा असतो. कटरचा थांबा तोंडाच्या कडेवर टेकत असेल तर आधी सगळ्या पुंगळ्या एका लांबीला ट्रिम करा, नाहीतर लांब पुंगळीत कटर पोचणार नाही आणि आखूड पुंगळीत जास्त खाईल. नेहमीचं भोक सुमारे २ मिलिमीटरचं, पण ६.५ ग्रेंडेलसारख्या काही पुंगळ्यांत ते १.५ मिलिमीटरचं असतं. तिथे नेहमीची डिकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) रुतते आणि तुटते.

आधीच्या पायऱ्या चुकल्या तर वरची तिन्ही अवजारं बदनाम होतात. क्रिंपवाला प्रायमर काढायला जोर जास्त लागतो. युनिव्हर्सल डिकॅपिंग डाय वापरा, साइझिंग डायची (पुंगळी मूळ मापाला आणणाऱ्या साच्याची) पिन या कामाला लावू नका. कधी पिन प्रायमरच्या मध्यातून आरपार जाते, कधी कपचं बूड निघतं आणि बाजूची कडी पॉकेटमध्येच राहते. ही कडी न बघता स्वेजर चालवला तर ती पॉकेटच्या भिंतीत कायमची दाबली जाते. टंबलरमधून आलेल्या पुंगळ्यांची भोकंही प्रकाशात धरून बघा. मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या सालीचा दाणा अडकतो, आणि स्टीलच्या पिना वापरल्या असतील तर दोन पिना एकमेकींना रेटून भोकात पाचर मारतात. आत बघितल्यावर एकाऐवजी दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन पुंगळी. तिच्यात ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते, त्यामुळे ही अवजारं तिच्यासाठी नाहीत, बाजूला काढा. (बॉक्सर इंग्रज होता आणि बर्डन अमेरिकन, तरी अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रुजली आणि युरोपात बर्डनची!) न फुटलेला प्रायमर बसलेली पुंगळी तर या कामात येताच कामा नये; कटर किंवा स्वेज रॉड जिवंत प्रायमरवर कधीही टेकवू नका.

काजळीत शिसं असतं. पॉकेट कोरडं खरवडलं की धूळ हवेत जाते. ओल्या टंबलिंगनं आधी बरीचशी निघते, ते बरं. हातमोजे आणि चष्मा घाला, काम झाल्यावर हात साबणानं धुवा, आणि जेवणाच्या टेबलावर हा उद्योग मांडू नका.

तिन्हींपैकी काहीही घेतलंत तरी पैसे आधी गो/नो-गो गेजला द्या. दोन टोकांची पोलादी कांडी. गो टोक हलक्या दाबानं पूर्ण आत जायला हवं. अडलं तर क्रिंप शिल्लक आहे, पुन्हा स्वेज करा. नो-गो टोक आत शिरलं तर पॉकेट सैल आहे. ते रीमरनं खाल्लेलं असेल किंवा जास्त दाबाच्या लोडमुळे बूड पसरलं असेल. दोन्ही बाबतींत औषध नाही. सैल पॉकेटमधून वायू गळला की प्रायमरभोवती काळं कडं दिसतं आणि बोल्टच्या तोंडावर खड्डे पडतात. अशी पुंगळी पक्कडीनं चेपून टाका, म्हणजे ती चुकून परत चांगल्या ढिगात जाणार नाही.

शेवटची परीक्षा बसवलेल्या प्रायमरची. सामीच्या (अमेरिकी शस्त्र-काडतूस उत्पादकांची मानकं ठरवणारी संस्था) मानकात प्रायमर बुडाच्या पातळीत किंवा त्याखाली ०.००८ इंचांपर्यंत चालतो. बुडाच्या वर मात्र एक थाऊही नको. मोकळी फायरिंग पिन असलेल्या एआर-१५ किंवा एम१ गॅरंडमध्ये उंच राहिलेला प्रायमर बोल्ट बंद होतानाच फुटू शकतो. पुंगळी सपाट काचेवर उभी करून टिचकी मारा. डुगडुगली तर प्रायमर उंच आहे. बोट फिरवूनही कळतं, पण थकलेल्या बोटापेक्षा काच जास्त विश्वासाची.

तर कोणी काय घ्यावं? एकाच शिक्क्याच्या हजारभर पुंगळ्या आणि भक्कम टेबल असेल तर सुपर स्वेज ६००. या यादीत सर्वांत एकसारखं काम त्याचं. टेबलावर प्रेस आहे आणि माल दोन-चारशेचा आहे, तर कॉम्बो पुरेल, हात बसेपर्यंत थोडी चिडचिड धरून चाला. सरमिसळ आणि थोडा माल असेल तर थांब्याचा रीमर. आणि क्रिंप निघालेल्या पुंगळ्यांच्या डब्यावर चिठ्ठी लावायला विसरू नका: हे काम पुंगळीच्या आयुष्यात एकदाच करायचं असतं, आणि एकदा रीम झालेली पुंगळी चुकून दुसऱ्यांदा रीमरखाली गेली तर पुढच्या वेळी नो-गो टोक सहज आत शिरेल.